खाडीकाठचा महजर : शिंपले वेचणाऱ्यांचा अलिखित इतिहास

देवस्थानच्या स्मरणिकेत इतिहासाचा लेख असला म्हणजे त्याचे विषय बहुधा ठरलेले असतात. देवाचे मूळ स्थान कोणते, स्थलांतर केव्हा घडले, सभामंडप कोणाच्या कारकिर्दीत झाला, दीपस्तंभासाठी द्रव्य कोणी दिले, कोणत्या कुळाकडे कोणता मान आहे, ह्या गोष्टी आपण आदराने लिहितो आणि आदराने वाचतो. त्या लिहून ठेवल्याच पाहिजेत. परंतु ज्या भूमीतून आपली कुळे निघाली त्या भूमीला एक पाण्याची बाजूही आहे, आणि त्या पाण्यावर पोट भरणाऱ्या माणसांचा इतिहास आपल्या स्मरणिकांत सहसा येत नाही. त्यांपैकी एका वर्गाविषयी, म्हणजे खाडीतून कालवे, तिसऱ्या आणि खिडक्यांना लावावयाचे चपटे शिंपले काढणाऱ्या स्त्रीपुरुषांविषयी, प्रस्तुत लेखात चार शब्द लिहावयाचे योजिले आहे. त्यांचा इतिहास कागदावर फारसा नाही. तो त्यांच्या तोंडी आहे. म्हणूनच तो लिहून घेण्याची निकड अधिक आहे.

ग्वाल्हेर आणि समुद्र

ग्वाल्हेरीत राहणाऱ्या वाचकास हा विषय दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. येथून समुद्र शेकडो कोस दूर. येथील किल्ल्याच्या भिंती दगडाच्या, वाडे दगडाचे, आणि खिडक्यांच्या जाळ्याही दगडातच कोरलेल्या. तथापि आपल्यापैकी अनेक कुळांचा येथवरचा प्रवास समुद्रकाठाहूनच झालेला आहे. महादजी शिंद्यांच्या काळात गोमंतकातील सारस्वत मंडळी उत्तरेत आली. पेडणे महालातील केरी गावचे जिवबादादा केरकर हे शिंद्यांचे बक्षी झाले. १७९३ मध्ये लाखेरीच्या रणांगणावर त्यांच्यासमवेत लखबादादा लाडही होते. १७९६ मध्ये जिवबादादा निवर्तले. परंतु त्यांच्या आश्रयाने आणि त्यांच्या नावाच्या विश्वासाने जी मंडळी उत्तरेत आली, त्यांतील कित्येक येथेच राहिली. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी दिली आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर शहर झाले. तेव्हापासून कुलदेवता गोमंतकात आणि उंबरठा ग्वाल्हेरीत, अशी आपली स्थिती आहे.

जयविलास महालातील तसबिरी ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना शिंदे महाराजांच्या गळ्यातील मोत्यांचे पदर आठवत असतील. त्या काळी बसऱ्याच्या मोत्यांस हिंदुस्थानात मोठा मान होता. इराणच्या आखातातील पाणबुडे नाकास चिमटा लावून आणि पायास दगड बांधून दोरीच्या आधारे तळाशी उतरत, हाती लागतील तेवढे शिंपले टोपलीत भरीत आणि श्वास संपता संपता वर येत. मोती जवाहिरखान्याच्या यादीत नोंदला जाई. बुडी मारणाऱ्याचे नाव तेथवर पोहोचण्याचे काही कारण नव्हते. पाण्यातून वर आलेली वस्तू दरबारी येते आणि ती वर आणणारा पाण्याजवळच राहतो, हा जगाचा जुना रिवाज आहे. आपल्या मूळ गावांच्या बाबतीतही तो तसाच चालत आला.

मूळ गावांची खाडी

जुवारी नदी, जिला आपल्या परंपरेत अघनाशिनी म्हणतात, ती समुद्रास मिळण्यापूर्वी बरीच रुंद होते. तिच्या दक्षिण तीरावर आणि त्या तीरालगत कुठ्ठाळी, केळशी, सांखवाळ, चिखली ही गावे आहेत. ही नावे महाजन कुळांना नवी नाहीत. श्रीमंगेशाचे मूळ स्थान कुशस्थळी म्हणजे कुठ्ठाळी, श्रीशांतादुर्गेचे केळशी, श्रीलक्ष्मीनृसिंहाचे सांखवाळ. १५४३ मध्ये साष्टी आणि बारदेश हे महाल पोर्तुगीजांच्या ताब्यात कायमचे गेले आणि १५६० च्या सुमारास देवालयांवर संकट आले, तेव्हा ह्या देवता अंत्रुज महालात, अनुक्रमे प्रियोळ, कवळे आणि वेलिंग येथे, नेण्यात आल्या. हा इतिहास आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

ह्या प्रसंगाची एक बाजू मात्र विचारात घेण्यासारखी आहे. साष्टीतून अंत्रुजात जावयाचे तर पाणी ओलांडावे लागते. रात्रीच्या वेळी, भरती साधून, पहारे चुकवून देवाला पैलतीरी न्यावयाचे, हे काम खाडीची नाडी ओळखणाऱ्या माणसावाचून होणारे नव्हते. कोठे गाळ आहे, कोठे खडक आहे, ओढ कोणत्या घटकेस फिरते, हे ज्ञान पोथीत नव्हते. ते वल्ही मारणाऱ्या हातांत होते. आपल्या कुलवृत्तांतांत देव नेणाऱ्या कुळांची नावे आपण अभिमानाने वाचतो. होडी वल्हवणाऱ्यांची नावे आपण तेथे वाचत नाही.

पुढे आपली कुळे अंत्रुजात, कारवारकडे, कोकणात आणि तेथून थेट ग्वाल्हेरपर्यंत पांगली. खाडी वल्हवणारी आणि खाडीत शिंपले वेचणारी माणसे मात्र बहुतांशी तेथेच राहिली. त्यांच्यापैकी पुष्कळांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. काही खारवी, गाबीत, पागी म्हणून हिंदू राहिले. धर्म बदलले, राज्ये बदलली. भरती-ओहोटीचा क्रम तोच राहिला. आपल्या मूळ गावांच्या खडकांची, पुळणींची आणि वळणांची जुनी नावे आज कोणाच्या जिभेवर असतील, तर ती ह्याच लोकांच्या.

भरती, ओहोटी आणि तिथी

शिंपले वेचण्याच्या उद्योगाचे पहिले साधन टोपली नव्हे, तर पंचांग होय. कोकणात एक जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा; म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेस वा अमावास्येस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे ओहोटी पहाटे पाचच्या आणि सायंकाळी साडेपाचच्या आसपास. हा हिशेब मुंबईच्या किनाऱ्यास धरून आहे. गोव्याकडे भरती त्याच्या थोडी आधी येते, आणि तेवढा फरक तेथील माणसे मनातल्या मनात वजा करतात. ज्या तिथीवर आपण एकादशी आणि प्रदोष पाळतो, जत्रेचा दिवस ठरवितो, त्याच तिथीवर खाडीकाठची बाई आपली टोपली केव्हा उचलावयाची ते ठरविते. देवळातील घड्याळ आणि खाडीतील घड्याळ एकच आहे.

पौर्णिमा आणि अमावास्येला पाण्याचे उधाण असते. भरती मोठी आणि ओहोटीही खोल. जी जमीन एरवी उघडी पडत नाही ती ह्या दिवसांत उघडी पडते, आणि शिंपल्यांच्या दृष्टीने सुगी तीच. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास, ज्याला भांग म्हणतात, तेव्हा पाणी फारसे चढत नाही आणि फारसे उतरतही नाही. ते दिवस जाळी दुरुस्त करण्याचे, घरकामाचे किंवा मजुरीचे. ह्याप्रमाणे महिन्याचे दोन भाग कष्टाचे आणि दोन भाग वाट पाहण्याचे, अशी त्यांच्या संसाराची आखणी. पावसाळ्यात नदीला गोड्या पाण्याचा लोंढा येतो, खाडी गढूळ होते आणि हे काम थांबते. पाऊस सरून पाणी पुन्हा खारे झाले, थंडी पडली, की माल भरू लागतो आणि उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत वेच चालते.

हे काम प्रामुख्याने स्त्रियांचे. होडी आणि जाळे पुरुषांकडे असते. ज्याला होडी लागत नाही, भांडवल लागत नाही, फक्त कंबर आणि नजर लागते, ते बायकांकडे आले. कालवे खडकाला सिमेंटासारखी चिकटून वाढतात. टोकदार लोखंडी हत्याराने वरचे कवच उडवावयाचे आणि आतील मांस भांड्यात काढावयाचे, किंवा अख्खे कालव खडकापासून सोडवावयाचे. कवचाच्या कडा सुरीसारख्या असतात. ह्या कामात जन्म घालविलेल्या बाईचे तळवे पाहिले, तर सांगण्यास निराळी साक्ष लागत नाही. तिसऱ्या वाळूमिश्रित गाळात राहतात. त्या ओणवे राहून बोटांनी उकरून काढाव्या लागतात. कोठे बारीक छिद्र आहे, कोठे पाण्याचा बुडबुडा येतो, ह्यावरून खाली काय आहे ते ओळखावयाचे. लहान दाणा परत टाकावयाचा, एकाच जागेवर रोज हात घालावयाचा नाही, हे नियम सासूने सुनेस शिकविले. कोणत्याही सरकारने नव्हे.

बाजारात हा माल तराजूवर मोजण्याची रीत नव्हती. वाटे लावून तो विकला जाई. वाटा केवढा लावावयाचा आणि गिऱ्हाईक ओळखीचे असेल तर मूठभर वर किती टाकावयाचे, हे विकणारीच्या हातावर. आपल्या घरांत एकशिपी तिसऱ्यांचा घमघमाट सुटला की माणसे दोन घास अधिक जेवत. ग्वाल्हेरीत जन्मलेल्या पिढीलाही आजीच्या तोंडून ह्या पदार्थाचे नाव माहीत आहे. तिसऱ्या घेऊन दाराशी येणाऱ्या बाईचे नावही आजीस माहीत असे. ते मात्र पुढील पिढीस पोहोचले नाही.

खिडकीतील उजेड

जुन्या गोमंतकीय घरांच्या खिडक्यांत काचेच्या जागी चौकोनी कापलेले शिंपले बसविलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना तो दुधाळ उजेड विसरणे शक्य नाही. हा शिंपला सामान्य कालवाहून निराळा. तो चपटा, जवळजवळ वाटोळा आणि इतका पातळ असतो की उजेड आरपार येतो. शास्त्रज्ञ त्याला प्लॅक्युना प्लासेंटा म्हणतात. गोव्यातील पोर्तुगीज भाषेत त्याला कारेपा हा शब्द रूढ होता. उथळ, शांत उपसागरातील मऊ गाळावर तो आडवा पडून राहतो. जुवारीच्या उत्तरेस नावशीचा आणि दक्षिणेस चिखलीचा उपसागर ही त्याची प्रसिद्ध ठिकाणे. ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलात शिरून पायांनी चाचपावयाचे, पायाला चपटी कड लागली की वाकून उचलावयाचे. पाणी खोल असेल तर बुडी मारावयाची.

वर आलेला शिंपला धुऊन, वाळवून, कडा छाटून चौकोनी करीत. सुतार लाकडी पट्ट्यांना खाचा पाडून त्यांत ते एकापुढे एक सरकवून बसवीत. एका खिडकीला असे शेकडो तुकडे लागत. ऊन आत येई परंतु झळ येत नसे. पाऊस अडे परंतु काळोख होत नसे. १६०८ ते १६१० ह्या काळात गोव्यात राहिलेल्या पिरार द लावाल ह्या फ्रेंच प्रवाशाने येथील घरांत काचेऐवजी शिंपले असल्याचे नमूद केले आहे. पुढे काच स्वस्त झाली आणि ही कला मागे पडत गेली. आज जुन्या गोव्यातील चर्चवास्तूंत आणि काही जुन्या वाड्यांत ह्या खिडक्या टिकून आहेत. प्रवासी त्यांची छायाचित्रे घेतात.

शिंपल्याचा दुसरा उपयोग चुन्याचा. गोमंतकातील देवळे आणि घरे जांभ्या दगडाची. त्यांना जोडणारा आणि गिलाव्याने झाकणारा चुना बहुतेक शिंपल्यांचा. शिंपले आणि जळण ह्यांचे थर एकावर एक रचून भट्टी लावावयाची, भाजलेले शिंपले पाण्याने विरवावयाचे आणि तो चुना वाळूबरोबर मळून कामास घ्यावयाचा. दीपस्तंभाचे घाटदार थर आणि तुळशीवृंदावनांवरील नक्षी ह्याच चुन्यातून उभी राहिली. आपण ज्या दीपस्तंभापुढे हात जोडतो त्याच्या अंगी खाडीतील किती हजार टोपल्यांचे कष्ट मुरले आहेत, ह्याचा हिशेब कोणत्याही वहीत नाही.

तिसरा उपयोग औषधाचा. ह्या चपट्या शिंपल्यात कधी कधी बारीक, मोहरीएवढे मोती सापडतात. दागिन्यात त्यांना मोल नाही. परंतु वैद्यांच्या मौक्तिक भस्मास ते चालत आणि धनिकांच्या विड्यातील चुन्यासही वापरले जात. जेम्स हॉर्नेल ह्या इंग्रज तज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी सिलोनातील तंपलकाम सरोवरात ह्या मोत्यांचा अभ्यास केला, आणि त्यानंतर बडोदे संस्थानासाठी ओखामंडळाच्या किनाऱ्यावरील सागरी जीवांची पाहणी करून १९०९ आणि १९१६ मध्ये अहवाल सादर केला. बडोद्यास समुद्रकिनारा होता म्हणून त्या संस्थानाच्या दप्तरात शिंपल्याला स्थान मिळाले. ग्वाल्हेरला किनारा नव्हता. १९७९ मध्ये दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनीही ह्या शिंपल्याच्या मोत्यांविषयी लिहिले. म्हणजे शिंपल्याचा शोध घेणारे वेळोवेळी झाले; वेचणाऱ्यांचा शोध घेणे तेवढे राहिले.

काय जात आहे

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर जुवारीतून लोहखनिज वाहून नेणाऱ्या बार्जींची रहदारी वाढली, तीरावर गोद्या आणि कारखाने आले, वस्ती वाढली, सांडपाणी वाढले. शिंपला हा एका जागी बसून पाणी गाळून खाणारा जीव. मासा पळून जाऊ शकतो, शिंपला जाऊ शकत नाही. पाण्यात जे येईल ते त्याच्या अंगी लागते, आणि गाळ फार बसला तर तो गुदमरून मरतो. म्हणून खाडीच्या प्रकृतीची पहिली बातमी वेचणाऱ्या बाईला लागते. अमुक खडकावर कालव धरत नाही, अमुक जागी पूर्वी टोपली भरे ती आता अर्धीही भरत नाही, हे ती वर्षानुवर्षे सांगत असते. ते ऐकून टिपून ठेवणारा कोणी नसतो.

२००१ मध्ये ह्या चपट्या शिंपल्याचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत झाला आणि त्यास कायद्याचे संरक्षण मिळाले. हे योग्यच झाले. नावशी येथे नौकातळाचा प्रकल्प पुढे आला तेव्हा तेथील मच्छीमारांनी त्यास विरोध केला, त्यातही ह्या उपसागरातील जीवांचा आणि आपल्या उपजीविकेचा प्रश्न त्यांनी मांडला. परंतु असे वाद उभे राहिले म्हणजे प्रश्न विचारला जातो : येथे तुमचा हा उद्योग पूर्वापार चालत होता ह्यास पुरावा काय? कागद दाखवा. ज्यांच्या घरी पिढ्यान्पिढ्या कागद नाही त्यांच्यापाशी स्मरण हाच पुरावा असतो, आणि स्मरण लिहून ठेवलेले नसेल तर ते धरणाऱ्याबरोबरच जाते. शिंपल्याला अनुसूचीत स्थान मिळाले. वेचणाऱ्यांच्या आठवणीला अद्याप कोणत्याही सूचीत स्थान नाही.

महाजनांस ही गोष्ट विशेष समजावी अशी आहे. आपला महाजनकीचा हक्क १९३३ च्या देवस्थान कायद्यान्वये नोंदवहीतील नावावर चालतो. वहीत नाव असले की मान आहे. नसले तर कितीही पिढ्यांची सेवा सांगितली तरी तंटा आहे. नोंद असणे आणि नसणे ह्यांतील अंतर आपल्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

प्रस्तुत लेखकाचे आयुष्य कारकुनीत गेले असल्यामुळे दप्तराचा स्वभाव थोडाबहुत परिचयाचा झाला आहे. दप्तर जन्मास येते ते कर, लिलाव आणि तंटा ह्या तीन गोष्टींतून. १५२६ च्या फोरालात गावकऱ्यांच्या हक्कांची आणि देण्यांची नोंद झाली, कारण तेथे महसूल होता. ओहोटीला टोपली घेऊन चिखलात उतरलेल्या बाईपासून सरकारास ना कर, ना लिलाव, ना तंटा. मग तिचे नाव कागदावर यावे कसे? लिसेवच्या वर्गांत पोर्तुगीज दर्यावर्दींची नावे आणि सालेही पाठ करून घेत. त्याच लिसेवपासून थोड्या अंतरावरील खाडीत रोज उतरणारी माणसे कोणत्याही धड्यात नव्हती. १५९५ मध्ये गोव्यात दप्तरखाना स्थापन झाला आणि दिओगू द कोउतू त्याचा पहिला रक्षक झाला. चार शतकांहून अधिक काळ तेथे कागद जमत आहेत. त्या राशीत नसलेला इतिहास खोटा आहे असे नव्हे. तो केवळ दुसरीकडे ठेवलेला आहे.

परदेशातील दोन उदाहरणे

ज्या १७९३ साली लाखेरीची लढाई झाली, त्याच वर्षी इंग्लंडात व्हिटस्टेबल ह्या किनाऱ्यावरील गावच्या शिंपले काढणाऱ्यांच्या मंडळास पार्लमेंटच्या कायद्याने मान्यता मिळाली. त्या मंडळाचे सभासदत्व बापाकडून मुलाकडे जाई आणि सभासदांची नोंद ठेवली जाई. महाजनकीशी ह्याचे साम्य वाचकांच्या लक्षात येईलच. नोंद राहिली म्हणून दोन शतकांनंतरही त्या गावास आपल्या शिंपलेवाल्यांची घराणी सांगता येतात.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांताचे. तेथील अपालाचिकोलाचा उपसागर शिंपल्यांसाठी विख्यात होता. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दक्षिणेकडील खाद्यपरंपरांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेने तेथील होडीवाले, शिंपले फोडणाऱ्या स्त्रिया आणि व्यापारी ह्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. पुढे शिंपले झपाट्याने कमी झाले आणि २०२० च्या डिसेंबरात तेथील नैसर्गिक शिंपले काढण्यास काही वर्षांसाठी बंदी घालावी लागली. उद्योग थांबला, परंतु तो कसा चालत होता हे त्या माणसांच्याच आवाजात शिल्लक राहिले. दहा-पंधरा वर्षे उशीर झाला असता तर सांगणारे पांगले असते.

आपल्याकडेही सर्वच चित्र निराशेचे नाही. महाराष्ट्रात कांदळवन संरक्षणाच्या योजनेतून सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यांत महिलांचे बचत गट कालवांचे संवर्धन करू लागले आहेत. दोरीला कालवांची कवचे ओवून ती खाडीत टांगावयाची आणि त्यांवर नवे बीज धरू द्यावयाचे, अशी ही रीत आहे. नव्या रीतीलाही खाडी कोणत्या महिन्यात गोडी होते, बीज कोठे धरते, हे जाणणारी जुनी नजर लागतेच. म्हणजे ह्या आठवणी केवळ कौतुकाच्या नाहीत. उद्याच्या पोटापाण्याशीही त्यांचा संबंध आहे.

महजराची परंपरा

तोंडी सांगितलेल्या गोष्टीस इतिहासाचे मोल नाही, असे म्हणण्याची एक सवय सुशिक्षितांत आढळते. मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास तरी ही सवय शोभत नाही. आपल्या कैफियती म्हणजे काय? माणसांनी तोंडाने सांगितलेली आणि कारकुनाने उतरवून घेतलेली हकीकतच. वतनाचा तंटा उभा राहिला म्हणजे गोतसभा बसे, गावचे वडीलधारे साक्ष देत, आणि जो निवाडा होई त्याचा महजर लिहिला जाई. त्यावर साक्षीदारांच्या निशाण्या असत. ज्याला अक्षर येत नसे त्याची निशाणी त्याच्या धंद्याची : कुणब्याचा नांगर, लोहाराचा हातोडा, सुताराचे हत्यार. सरदाराची कट्यार आणि कुणब्याचा नांगर एकाच कागदावर उमटत. अक्षरशून्य माणसाचे स्मरण ग्राह्य धरण्याची ही रीत आपल्याच पूर्वजांनी चालविली. शिंद्यांच्या दौलतीत आपल्या कुळांनी लेखणी चालविली, ती ह्याच परंपरेतून शिकलेली.

खाडीकाठच्या ह्या माणसांचा असा एक महजर आज व्हावयास हवा. तो करण्याची पद्धत अवघड नाही. सांगणाऱ्याची भाषा सुधारून घेऊ नये; कोकणी असेल तर कोकणीच लिहावी, शब्द जसा पडला तसा ठेवावा. साल विचारू नये, कारण साल कोणाच्याही लक्षात नसते, प्रसंग विचारावा. १९६१ ची गोवामुक्ती, त्याच्या आधीच्या आर्थिक नाकेबंदीतील टंचाई, मुरगाव बंदरात ९ मार्च १९४३ च्या रात्री जर्मन जहाजांना लागलेल्या आगी, ह्यांच्या आधी की नंतर, असे विचारले म्हणजे काळ आपोआप ठरतो. ती आग प्रत्यक्ष पाहिलेली पिढी आता संपत आली आहे, एवढ्यावरूनच ह्या कामाची घाई ध्यानात यावी. खडकांची आणि पुळणींची नावे विचारावीत आणि शक्य तर होडीतून जाऊन नकाशावर मांडावीत. तिथी आणि ओहोटीची वेळ सांगितली तर पंचांगाशी ताडून पाहावी. ह्या कसोटीस त्यांचे बोलणे उतरले की पुढील बोलण्यावर विश्वास ठेवण्यास आधार मिळतो. ज्या गोष्टी दोघींनी निरनिराळ्या सांगितल्या त्या दोन्ही लिहाव्यात. निवाडा करण्याची घाई करू नये. आणि लिहून झाल्यावर सर्व मजकूर त्यांना वाचून दाखवावा, कारण साक्ष त्यांची आहे, आपण फक्त लेखक.

महाजन मंडळींस विनंती

ह्या कार्यात आपल्या मंडळाने काय करावे, ह्याविषयी दोन व्यवहार्य सूचना करून लेख पुरा करतो. जत्रेच्या निमित्ताने ग्वाल्हेरहून आणि अन्य गावांहून आपली मंडळी गोमंतकात जातात. दर्शन, अभिषेक आणि महाप्रसाद झाल्यावर एक दिवस मूळ गावासाठी राखून ठेवावा. कुठ्ठाळी, केळशी, सांखवाळ, चिखली येथे आपल्या तरुण मुलामुलींना न्यावे, आणि ओहोटीची वेळ पाहून खाडीकाठी बसवावे. हल्ली प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनीत आवाज साठविण्याची सोय आहे. त्याचा याहून चांगला उपयोग कोणता? तेथील वृद्ध स्त्रीपुरुष हिंदू असोत वा ख्रिस्ती, त्यांच्यापाशी आपण काही देण्यासाठी जात नसून काही मागण्यासाठी जात आहोत, हे ध्यानात ठेवून आदराने बोलावे.

दुसरे असे, की मंडळाच्या कार्यालयात ह्यासाठी एक स्वतंत्र वही उघडावी. जमलेल्या हकीकतींची एक प्रत सांगणाऱ्यांच्या घरी, एक मंडळापाशी आणि एक पणजीच्या पुराभिलेखागारात राहावी. पुढील स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीनंतर चार पाने ह्या हकीकतींना द्यावीत. जुन्या अग्रशाळेची अथवा कुळाच्या घराची दुरुस्ती निघेल तेव्हा शिंपल्यांच्या खिडक्या काढून टाकण्यापूर्वी एकवार विचार करावा, आणि त्या शिंपल्यांची हकीकत सांगणारे कोणी अद्याप आहे काय, ह्याची चौकशी करावी.

महाजनकी म्हणजे केवळ मान नव्हे. देवस्थानाच्या सांभाळाची जबाबदारी आहे, असे आपले वडील सांगत आले. देवस्थान म्हणजे गाभारा आणि सभामंडप एवढेच नव्हे. ज्या गावात ते होते तो गाव, त्या गावची खाडी आणि त्या खाडीची माणसेही त्यात आली. आपल्या महजरावर त्यांची निशाणी अजून उमटावयाची आहे. सांगणारे आहेत तोवर आपण लेखणी हाती घ्यावी, एवढीच सर्व महाजन बंधुभगिनींस नम्र विनंती.